उताऱ्यावरचा बोजा

गेल्या श्रावणात एका दुपारी शाळा सुटून घरी आले, तर बेळगावातल्या वडगावची एक ओळखीची बाई पायरीवर बसली होती. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. बाई दुसऱ्याच्या मागावर साड्या विणायला जाते. बाहेर पाऊस लागला होता, पदर भिजला होता. पण पदराखाली धरलेल्या कागदाला तिनं थेंब लागू दिला नव्हता.

"अक्का, हे काय आलंय बगा की. कानडीत हाय सगळं."

वाचला. एका सोसायटीची नोटीस होती. तिच्या आधीच्या नवऱ्यानं टेम्पोसाठी कर्ज काढलं होतं. हप्ते थकले होते आणि मुद्दल-व्याज मिळून ब्याण्णव हजार रुपये जामीनदारानं पंधरा दिवसांत भरावेत, असं त्यात म्हटलं होतं. जामीनदार म्हणून हिचं नाव होतं.

"माझं म्युच्युअल झालंय की. तीन वर्सं झाली. मग आता मला कशाला पाठवूलालेत?"

तिच्या म्युच्युअलच्या, म्हणजे परस्पर संमतीच्या फारकतीच्या, कागदात काय काय लिहिलं होतं ते विचारलं. मुलगी आईकडे, महिन्याला तीन हजार मुलीच्या खर्चाला, भांडी आणि शिलाई मशीन बाईचं. टेम्पोच्या कर्जाचं? त्याचं काही नव्हतं. ते त्याचं कर्ज, त्यात काय लिहायचं, असं तिला वाटलं होतं, आणि तिला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. सहीच्या वेळी फॉर्म कन्नडमध्ये होता. "इथं कर म्हणाले, केली," म्हणाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी फारकत होऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तिच्यावर आली तशी वेळ माझ्यावर आली नाही, याला माझं शहाणपण फारसं कारण नव्हतं. मला वकीलबाई चांगल्या भेटल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला सांगितलं होतं. डाव्या पानावर काय आहे ते लिहा, उजव्या पानावर काय द्यायचं आहे ते. आणि म्हणाल्या, उजवं पान आधी भरा.

आपल्याकडे वाटणी हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे जमीन, घर, सोनं येतं. आमच्या बेळगाव भागात तर हा शब्द कानडी माणसाच्या तोंडीही तसाच आहे. तलाठ्याकडे वाटणीची वर्दी द्यायची म्हटलं की दोन्ही भाषांत काम भागतं. पण शेतीच्या उताऱ्यावर एक रकाना इतर हक्कांचा आणि ऋणांचा असतो. कन्नडमध्येही 'ऋण' असाच शब्द छापलेला असतो. कुणी जमीन घ्यायला निघालं की जाणता माणूस मालकाचं नाव वाचून थांबत नाही, बोट सरकवत त्या रकान्यापर्यंत नेतो आणि बोजा आहे का ते बघतो. जमिनीच्या बाबतीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. संसार मोडताना मात्र तो रकाना कुणी वाचत नाही.

आमचा संसार वीस वर्षांचा. ते उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कचं छोटं युनिट चालवायचे, मी शाळेत. का मोडला ते इथं लिहीत नाही. तो माझ्या एकटीचा विषय नाही, आणि आमची मुलगी हे वाचेल. एवढंच सांगते की शेवटी शेवटी आम्ही भांडतही नव्हतो. वर्षभर वेगळे राहिलो आणि २०२२ मध्ये बेळगावच्या फॅमिली कोर्टात परस्पर संमतीचा अर्ज दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशा अर्जानंतर सहा महिने थांबायला सांगितलं आहे. २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयानं ही मुदत माफ करायची मुभा कोर्टांना दिली आहे, आणि ती मागावी असं मुलीच्या बाबांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. वहीचं उजवं पान अजून पुरं झालं नव्हतं.

कायदा काय देतो हे मी तेव्हाच शिकले. माझी समजूत होती की घटस्फोटात सगळं निम्मं-निम्मं होतं. तसं काही नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचं. बायकोला पोटगी मागता येते, एकरकमी रक्कम मागता येते, लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल कोर्ट आदेश देऊ शकतं, स्त्रीधन तर पूर्णपणे तिचंच. पण संसारात कमावलेल्या मिळकतीत निम्मा वाटा, असा नियम आपल्याला लागू नाही. बायकोला वाटा देणारं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही.

आणि चोर्ला घाट उतरला की सगळं वेगळं. माझी मावसबहीण डिचोलीला दिली आहे. गोव्यात पोर्तुगीजांचा १८६७ चा दिवाणी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एकत्र धरतात, दोघांची निम्मी निम्मी, आणि नवऱ्याला बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. आम्ही दोघी एकाच आजोळी वाढलो, एकाच वर्षी आमची लग्नं झाली. तिला घाटाखाली दिली म्हणून ती पहिल्या दिवसापासून निम्म्याची मालकीण, आणि मी घाटावर राहिले म्हणून नाही. हे मला आजही पटत नाही.

म्हणून आमच्यात जे ठरलं ते कायद्यानं दिलेलं नव्हतं, दोघांनी बसून ठरवलेलं होतं. जिथं कायदा गप्प असतो तिथं माणसाला स्वतःच्या मनाला विचारावं लागतं, आणि ते कोर्टापेक्षा अवघड असतं.

सुरुवात भांड्यांनी झाली. सोपी म्हणून. एका रविवारी स्वयंपाकघरातली, माळ्यावरची सगळी भांडी खाली काढून पुढच्या खोलीत मांडली. लग्नात मुलीला काय दिलं-घेतलं याची यादी करून ठेवावी, असा १९८५ चा नियम आहे. आमच्या लग्नात कुणी यादी केली नव्हती. पण भांडी बोलत होती. तांब्याच्या घागरीवर माझ्या मामांचं नाव आणि तारीख. पाच ताटांवर शाळेतल्या मैत्रिणींची नावं. परातीवर सासऱ्यांच्या भावाचं नाव. नाव घालणाऱ्यानं टोचून टोचून काढलेली ती ठिपक्यांची अक्षरं वीस वर्षं घासून घासून पुसट झाली होती. बोट फिरवलं की मात्र लागत होती. एक पितळी डबा होता, त्याच्यावरचं नाव कन्नडमध्ये. माझ्या वडिलांबरोबर एसटीत नोकरीला असलेल्या एका काकांनी दिलेला. मुलीच्या बाबांना कन्नड वाचता येत नाही. डबा हातात घेऊन ते म्हणाले, "हा कुणाकडचा?" मी सांगितलं. त्यांनी तो उचलून माझ्या बाजूला ठेवला, आणि मग बराच वेळ आम्ही कुणीच पुढचं भांडं उचललं नाही.

भांडी दीड तासात झाली. घराला चार महिने लागले.

घर एका गुंठ्यावर. जागा सासऱ्यांनी दिलेल्या एक लाखात आमची बचत घालून घेतलेली, बांधकामाला २०११ मध्ये दोघांच्या नावावर बँकेचं अठरा लाखांचं कर्ज. हप्ता सोळा हजार सातशे, आणि तो पहिल्या महिन्यापासून माझ्या पगारातून कापला जायचा. युनिटचं उत्पन्न कधी यायचं, कधी नाही. म्हणून पगारातून हप्ता आणि युनिटच्या पैशातून घरखर्च, असं आम्ही ठरवून घेतलं होतं. अकरा वर्षं माझ्या पासबुकात ओळीनं तोच आकडा. माझे भाऊ म्हणाले, तुझा पुरावा पक्का आहे, घर तुझंच. मलाही काही दिवस तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग एका संध्याकाळी वही घेऊन बसले असताना किराणा आठवला. दूध, गॅस, मुलीची रिक्षा, सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं, गणपतीचा खर्च, पै-पाहुणे. अकरा वर्षं ते सगळं त्यांनी दिलं होतं आणि त्याचा एकही कागद कुठं नव्हता. किराणा पोटात जातो, त्याचा उतारा निघत नाही. त्यांनी किराणा भरला नसता तर माझ्या पगारातून हप्ता गेला नसता, हे मला माहीत होतं. बहुतेक घरांत हे उलटं असतं: नवऱ्याच्या पैशातून घर होतं आणि बाईचे पैसे, बाईचे कष्ट चुलीत जातात, मग वाटणीच्या दिवशी तिला विचारतात, तुझं काय लागलंय यात? २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका गृहिणीच्या बाबतीत म्हटलं की घर सांभाळण्याचे तिचे कष्टही मिळकत उभी करण्यात लागलेले असतात, तिचा त्यात बरोबरीचा वाटा आहे. आमचं आधीच झालं होतं, पण तो निकाल वाचून मला भरून आलं. माझ्या आईनं आयुष्यभर जे केलं त्याला कुणीतरी आकड्यात धरलं होतं. मग जो न्याय आईसाठी मला हवासा वाटतो, तो मुलीच्या बाबांना नाकारायचा कसा? केवळ या खेपेला पासबुक माझ्या हातात होतं म्हणून?

भाऊ माझ्यावर रागावले. थोरला अजून म्हणतो, तू भोळेपणा केलास. मी घर निम्मं धरलं.

आता उजवं पान. तिथं मी जराही भोळेपणा केला नाही, कारण तिथं समोर नवरा नव्हता. बँक होती, सोसायटी होती. नवरा-बायकोत काय ठरलं याच्याशी बँकेला काही देणंघेणं नसतं. डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या फारकतीच्या हुकुमात, 'कर्ज नवरा फेडेल' असं लिहून घेतलं तरी कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील तर बँक दोघांपैकी कुणालाही धरू शकते, कारण बँक त्या डिक्रीत नसते. नाव कमी करायचं तर बँकेची संमती लागते, आणि एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज बसतं का ते ती पुन्हा तपासते. युनिटच्या रिटर्नवर ते बसत नव्हतं. माझ्या एकटीच्या पगारावर त्यांचा निम्मा हिस्सा विकत घेण्याइतकं कर्ज मिळत नव्हतं. म्हणून घर विकलं. मुलगी त्या दिवशी परसातली कढीपत्त्याची रोपं कुंडीत काढून घेऊन आली.

जामीनकीचं तर आणखी कडक. १८७२ च्या करार कायद्यात लिहिलंय की मूळ कर्जदाराची जबाबदारी तीच जामीनदाराची. सोसायटीनं आधी त्याच्याकडे जावं, मग माझ्याकडे यावं, असं बंधन तिच्यावर नाही. नुसती बायको आहे म्हणून नवऱ्याचं कर्ज बाईच्या अंगावर येत नाही, हे खरं. येतं ते सहीमुळे. आणि संसारात सही मागितली तर नाही कोण म्हणतं? आमच्या युनिटच्या लेथसाठी सोसायटीचं कर्ज होतं, चार लाख बाकी, जामीनदार मी. वही भरायला घेईपर्यंत मी तो कागद पुरा वाचलेलाही नव्हता. आणि मी कन्नड वाचणारी बाई!

कोणतं कर्ज कुणाचं, यासाठी आम्ही एकच प्रश्न धरला: त्या पैशाचं काय झालं? लेथ आला आणि तो त्यांच्याकडे राहणार, तर ते कर्ज लेथबरोबर त्यांच्याकडे गेलं पाहिजे. माझ्या भावाकडून हातउसने घेतलेले पंच्याहत्तर हजार बोअर मारायला गेले, बोअर घराची, म्हणून ते घराच्या पैशातून. माझी भिशी उचलून मुलीची पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, फी भरली होती. अजून चौदा हप्ते पाच-पाच हजारांचे राहिले होते, ते निम्मे-निम्मे.

अडलं ते सोन्यावर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझे नऊ तोळे गहाण पडले होते: पाटल्या, मोहनमाळ आणि आईच्या बोरमाळेचे मणी. सोनेतारणाची पावती मी शिलाईच्या डब्यात, बॉबिनच्या खाली ठेवली होती, मुलीला दिसू नये म्हणून. स्त्रीधन बाईचं, नवऱ्यानं अडचणीला वापरलं तर परत करणं त्याच्यावर बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. वकीलबाई म्हणाल्या, सोडवणुकीची सगळी रक्कम त्यांच्या वाट्यातून घ्या, यात वाद होऊच शकत नाही. कायद्यानं बरोबर होतं. पण गहाणावर मिळालेल्या त्या एक लाख पंच्याऐंशी हजारांतले लाखभर युनिटमधल्या तीन कामगारांच्या पगाराला गेले होते, आणि उरलेले सासूबाईंच्या दवाखान्याला आणि आमच्या ताटाला. त्या ताटात मीही जेवले होते. मी रात्रभर त्या पावतीकडे बघत बसले. शेवटी म्हटलं, सोनं माझं, ते मला अखंड परत मिळालं पाहिजे; सोडवायचे दोन लाख दहा हजार मात्र दोघांच्या पैशातून जाऊ देत. हे बरोबर केलं का, याची मला आजही खात्री नाही. दुसऱ्या कुणा बाईला मी असं करायचा सल्ला देणार नाही.

घराचे बेचाळीस लाख आले. बँकेचे अकरा लाख चाळीस, सोन्याचे दोन लाख दहा, भावाचे पंच्याहत्तर हजार वजा जाऊन सत्तावीस लाख पंच्याहत्तर हजार उरले. निम्मे तेरा लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. त्यांच्या निम्म्यातून सोसायटीचे चार लाख त्याच दिवशी भरायचे, हे मी अडून बसून करून घेतलं. "मी फेडणारच आहे की, विश्वास नाही काय?" असं ते म्हणाले. विश्वास होता. पण माणसाचा धंदा बसतो, माणूस आजारी पडतो, उद्या दुसरा संसार होतो. नो ड्यूजचा दाखला हातात पडल्यावरच मी दुसऱ्या मोशनच्या, म्हणजे सहा महिन्यांनंतर द्यायच्या दुसऱ्या अर्जाच्या, कागदावर सही केली.

मसुद्यात एक ओळ होती, तीही सांगायला हवी. 'अर्जदार क्रमांक २ व तिची मुलगी भविष्यात कसलाही हक्क सांगणार नाहीत.' सगळ्या मसुद्यांत असते म्हणे. खानापूर तालुक्यात सासऱ्यांची वडिलोपार्जित शेती आहे. तिच्यात माझा वाटा नाही, मला नकोही होता. पण मुलीचा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क कर्नाटकानं १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तो जन्मानं मिळतो, आईबापांच्या फारकतीनं जात नाही. तिचा हक्क सोडणारी मी कोण? 'व तिची मुलगी' हे तीन शब्द मी पेनानं खोडले. मुलीच्या बाबांनी शेजारी सही केली, एक अक्षर न बोलता. त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

तर वडगावची ती बाई. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती परत आली. मी वकील नाही, पण तोवर वकीलबाईंना फोन करून विचारून ठेवलं होतं. सोसायटीकडे खातेउतारा आणि जामीनकीच्या कागदाची नक्कल मागायची. टेम्पो तारण आहे आणि तो अजून मार्केट यार्डात भाडी मारतोय, तो आधी ताब्यात घ्या, हे लिहून द्यायचं. तारण त्यांनी हातचं घालवलं तर तेवढ्यापुरता जामीनदार सुटतो. आणि तिला काही भरावं लागलंच तर ते आधीच्या नवऱ्याकडून वसूल करायचा तिचा हक्क आहे, तोही त्यात नोंदवायचा. मी कन्नडमध्ये अर्ज लिहायला घेतला. सोसायटीची भाषा, म्हटलं, काम लवकर होईल.

"नको अक्का," ती म्हणाली. "मराठीत लिवा. तिथला क्लार्क आपलाच हाय, त्याला येतंय. मला वाचाय आलं पायजे."

मराठीत लिहिला. ती चौथी शिकलेली. कागद मांडीवर घेऊन, सूत लागून लागून भेगाळलेलं बोट एकेका शब्दाखाली धरून तिनं तो पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला. 'जामीनदार' शब्दापाशी अडली, मी सांगायला तोंड उघडलं, तर हातानं मला थांबवलं. जा, मी, न, दा, र. मग पुढं गेली. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर म्हणाली, "पेन द्या."